सही करू नको गं बाई!

संध्याकाळी सात ते दहा आमच्या घरात टीव्हीचा रिमोट आईच्या ताब्यात असतो. त्या तीन तासांत देशात सरकार पडलं तरी आम्हाला ते दहानंतर कळतं. आईचं वय शहात्तर. गुडघे गेलेत, कान-डोळे शाबूत आहेत, आणि पाच मालिकांमधल्या तीस-पस्तीस माणसांची नाती तिला तोंडपाठ आहेत. स्वतःच्या नातवंडांना हाक मारताना मात्र आधी दोन चुकीची नावं येतात, मग बरोबरचं.

मी मालिका बघत नाही, असं मी चारचौघांत सांगतो. खरं एवढंच की मी जेवत असतो आणि टीव्ही समोर असतो. दोन भाकरी खायला माणसाला सव्वा तास लागत नाही, हे बायकोनं दोन-तीनदा लक्षात आणून दिलंय. आपण दुर्लक्ष करतो.

तर झालं असं. तीन आठवड्यांपूर्वी अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, चार दिवस राहायला आली होती. रात्री साडेआठचा सुमार. मालिकेत नायिका दिवाणखान्यात बसलेली, समोर कागदांची चळत, आणि डोक्याशी उभी तिची जाऊ. जावेच्या भुवया वर, साडी भारी, मागं ते ढँण ढँण संगीत. मालिकेचं नाव सांगत नाही, कारण कुठलंही नाव घातलं तरी चालेल. जाऊ म्हणते, नुसती फॉर्मॅलिटी आहे गं, कर सही. नायिकेच्या डोळ्यांत पाणी. पेन उचललं. कॅमेरा पेनावर, मग डोळ्यांवर, मग जावेवर, मग देवघरातल्या समईवर, मग परत पेनावर.

आणि आई ओरडली, "सही करू नको गं बाई! वाचून बघ की आधी!"

आईचं हे नेहमीचंच. ती टीव्हीतल्या माणसांशी बोलते आणि त्यांनी ऐकलं नाही की रागावते. आम्ही हसलो. अक्का पण हसली. आणि हसता हसताच, मेथी निवडता निवडता म्हणाली, "मला तर कुणी म्हटलं नव्हतं, वाच म्हणून."

आई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "मला तरी कुणी म्हटलं होतं?"

मग जाहिरात लागली. कपडे धुवायच्या पावडरीची. ती आम्ही सगळ्यांनी फार लक्ष देऊन बघितली.

आता ह्यात माझा संबंध काय, ते आधी सांगून टाकतो. म्हणजे पुढचं बोलायला मला तोंड राहील.

वडील मुंबईत गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर गावी परत आले. त्याआधी पै-पै साठवून त्यांनी आमच्या गावात, सातारा जिल्ह्यात, तीन एकर रान घेतलं होतं. वाडवडिलांचं नव्हे, स्वतःच्या कमाईचं. 2009 साली ते गेले. मृत्युपत्र वगैरे काही नव्हतं. मागं आम्ही तिघं. आई, अक्का आणि मी.

वर्षश्राद्ध झालं आणि भावकीतल्या एका जाणत्या माणसानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "हक्कसोड करून घे. अक्का चांगली आहे तवर करून घे."

'चांगली आहे तवर' ह्या शब्दांत मला तेव्हा काहीही खटकलं नाही. उलट, किती काळजी करतात आपली माणसं, असं वाटलं.

मग एक दिवस ठरवून अक्काला तिच्या सासरहून बोलावलं. सकाळी अकराला तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात गेलो. दाराशी टायपिंगवाला, झेरॉक्सवाला, तिकिटं विकणारा, दोन ओळखीचे साक्षीदार, सगळं साग्रसंगीत. अक्काचा फोटो निघाला, अंगठा झाला, सह्या झाल्या. समोरच्या साहेबांनी त्यांच्या कामाप्रमाणे अक्काला विचारलं, "ताई, दस्त वाचलाय ना? कुणाच्या दबावाखाली नाही ना?"

"वाचलाय, वाचलाय साहेब," असं उत्तर दिलं. मी.

प्रश्न तिला होता. उत्तर मी दिलं. ती फक्त हसली, आणि सही केली. दुपारी मिसळ खाल्ली. येताना बाजारपेठेतून तिला साडी घेतली, अठराशे रुपयांची, ती नको नको म्हणत असताना. घरी आल्यावर गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बहीण असावी तर अशी. मलाही तसंच वाटलं. गुंठ्यांत हिशेब करायचं त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही. तीन एकर म्हणजे 120 गुंठे. वारस तीन. एकेकाचे 40. म्हणजे 40 गुंठे रान, अठराशे रुपयांना आणि एक प्लेट मिसळीला.

आईचं नाव सातबाऱ्यावर राहिलं. मोठेपणा म्हणून नव्हे. ते काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

असो. आता टीव्हीकडं येतो, कारण विषय तोच आहे.

गेली वीस-पंचवीस वर्षं मराठी मालिका कानावर पडताहेत. त्यातून जे शिकलो त्याचं एक वाक्य करायचं तर ते असं: जी बाई इस्टेटीबद्दल बोलते ती वाईट, आणि जी बाई न वाचता सही करते ती चांगली.

आठवून बघा. कपाटाच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला? कागदपत्रांची फाईल कुणाच्या हातात? 'ह्या घरात माझा वाटा काय' हे वाक्य कुणाच्या तोंडी? कायम खलनायिकेच्या. 'तुझ्यात जीव रंगला' मधल्या नंदिता वहिनीसाहेब अख्ख्या महाराष्ट्राला पाठ झाल्या, त्या कशामुळं? डोळा इस्टेटीवर म्हणून. कलाकार उत्तम, भूमिका झकास, मी स्वतः जेवण लांबवून बघितलीय. पण असं पात्र एका मालिकेत असतं तर बोलायचं कारण नव्हतं. ते प्रत्येक मालिकेत आहे. कधी जाऊ, कधी आत्या, कधी मावससासू. हिशेब मागणारी बाई दिसली की संगीत बदलतं. आणि नायिकेचं काय? नायिका म्हणते, मला काही नको, मला फक्त माझी माणसं हवीत. मग बासरी वाजते.

मालिका मागासलेल्या आहेत असं माझं म्हणणं नाही, बरं का. ते म्हणणं सोपं आहे आणि खोटं आहे. दूरदर्शनवरची 'दामिनी' पत्रकार होती. 1999 साली अल्फा मराठीवर 'आभाळमाया' आली, त्यातली सुधा जोशी प्राध्यापक होती. नवऱ्याचं दुसरं नातं कळल्यावरही ती दोन मुलींना घेऊन ताठ उभी राहिली, आणि तिच्याकडं बघून आमच्या ओळखीतल्या दोन बायकांना धीर आला होता, हे मला माहितीय. 'माझ्या नवऱ्याची बायको' मधल्या राधिकेनं मसाल्यातून कोट्यवधींचा धंदा उभा केला. 'अग्गंबाई सासूबाई' मध्ये तर सुनेनं पुढाकार घेऊन सासूचं लग्न लावलं, आणि आमच्या आईच्या वयाच्या बायकांनी ते डोळे पुसत मान्य केलं. घटस्फोट झाला, पुनर्विवाह झाला, बाईचा धंदा झाला. मालिकांनी बऱ्याच गोष्टींना हात घातला.

सातबाऱ्याला घातला नाही.

बाई नवरा सोडू शकते, नवा करू शकते, कंपनी काढू शकते. पण चांगली नायिका शांतपणे भावाला म्हणते, "दादा, बाबांच्या जमिनीत माझा हिस्सा आहे, कधी बसायचं आपण?" आणि तरी ती चांगलीच राहते, भाऊबीजेला ओवाळते, आणि मागं बासरी वाजते, असा भाग मी तरी बघितलेला नाही. तुम्ही बघितला असेल तर खाली सांगा. मी चूक कबूल करीन आणि तो भाग शोधून बघीन. जेवताना नव्हे, नीट बसून.

आता थोडं मागं जाऊ.

1991 साली 'माहेरची साडी' आला. अलका कुबल. आमच्या तालुक्याच्या टॉकीजला गावोगावच्या बायका टेंपो भरभरून गेल्या होत्या. आई आणि अक्का दोघी गेल्या. अक्काचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. दोघी डोळे सुजवून घरी आल्या आणि मी अठरा वर्षांचा शहाणा दोघींना हसलो. महाराष्ट्र त्या सिनेमाला किती रडला हे सगळ्यांना माहितीय. पण नाव बघा. माहेरची काय? साडी. माहेरचं रान नव्हे, माहेरचं घर नव्हे. पोरीचा माहेरावरचा सगळा हक्क सहावारी कापडात मावतो, आणि ते मिळालं नाही म्हणून सबंध राज्य ओक्साबोक्शी रडतं.

आता त्याच काळातला कायदा बघा. बापाच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला मुलाइतका वाटा हिंदू वारसा कायद्यानं 1956 सालीच दिलेला आहे. म्हणजे आमच्या तीन एकराचा निकाल मी जन्मायच्या आधी लागलेला होता. वडिलोपार्जित मालमत्तेचा प्रश्न वेगळा होता. तिथं महाराष्ट्रानं 1994 साली दुरुस्ती केली, 'माहेरची साडी' नंतर तीन वर्षांनी. मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क दिला, पण दुरुस्तीआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. मग 2005 साली देशाचा कायदा बदलला आणि लग्न झालेली, न झालेली हा भेद गेला. त्यातही वडील तेव्हा हयात हवेत का, ह्यावर पंधरा वर्षं कोर्टात घोळ चालला. सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला. वडील हयात असण्याची अट नाही, मुलीचा हक्क जन्मानं आहे.

म्हणजे कायदा 1956 पासून 2020 पर्यंत पायरी पायरीनं चढत आला. आणि आपण? आपण 1991 च्या टॉकीजमध्ये अजून बसलोय. फक्त टॉकीज घरात आली आणि तिला रोज रात्रीची वेळ मिळाली.

कायद्यानं जे दिलं ते परत घ्यायला आपण एक कागद शोधून काढला. हक्कसोडपत्र. त्यात बेकायदेशीर काही नाही. बहीण स्वखुशीनं सोडू शकते. पण गावोगावच्या ऑफिसात ही 'स्वखुशी' इतकी एकतर्फी कशी असते, हे जरा बघा. बहिणी भावांना सोडतात. भावानं बहिणीला सोडल्याचा दस्त तुम्ही कधी पाहिलाय? मी नाही. भावांना कसलीच खुशी होत नसावी.

आणि गंमत म्हणजे, पुरुषानं वाटा मागितला तर आपण त्याची मालिका नव्हे, महाकाव्य करतो. 1988 ते 1990 रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे ते कशासाठी? 'महाभारत' म्हणजे शेवटी वाटणीचाच दावा. पांडवांनी अर्धं राज्य मागितलं, मग पाच गावं तरी द्या म्हणाले. समोरचा म्हणाला सुईच्या टोकावर मावेल एवढी माती देणार नाही. त्यावरून अठरा अक्षौहिणी सैन्य कापलं गेलं आणि देवानं स्वतः गाडी हाकली. कुणी म्हणालं का, काय हे पांडव, इस्टेटीवर डोळा ठेवतात, ह्यांना माणसं नकोत, जमीन हवी? नाही. तो धर्म. आणि अक्कानं 40 गुंठ्यांचं नाव काढलं असतं तर ती वहिनीसाहेब.

मालिकेतल्या सहीची आणखी एक मजा सांगतो. तिथं एक सही झाली की बंगला गेला. साक्षीदार नाहीत, मुद्रांक नाही, नोंदणी नाही. रात्री सही, सकाळी नायिका बॅग घेऊन पावसात. खऱ्या महाराष्ट्रात असं होत नाही. दस्त टाईप करा, मुद्रांक भरा, साक्षीदार पकडा, निबंधकाकडं नंबर लावा, सर्व्हर बंद आहे असं ऐका, जेवायला जा, परत या, फोटो, अंगठा. मग दस्ताची नक्कल घेऊन तलाठ्याकडं जा, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. ते आज सज्जावर नाहीत. उद्या या. मग फेरफार, मग नोटीस, मग हरकतीची मुदत, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी, मग सातबाऱ्यावर नाव, आणि त्यात काना-मात्रा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. मालिकेतल्या खलनायिकेला हे सगळं खरोखर करायला लावलं तर तिसऱ्या हेलपाट्याला ती सुधारेल आणि नायिकेच्या गळ्यात पडून म्हणेल, ठेव बाई तुझा बंगला.

हसू नका, ह्यात मुद्दा आहे. टीव्हीवर फसवणूक म्हणजे रात्रीची, चोरून, दुष्ट बाईनं केलेली. म्हणून आपल्या घरातली आपल्याला ओळखूच येत नाही. आपल्या घरात ती दिवसाढवळ्या होते, सरकारी ऑफिसात, नियमानं, पावती घेऊन. करणारा दुष्ट नसतो. तो भाऊ असतो. त्याच्या भुवया नॉर्मल असतात.

मालिकावाले असं का दाखवतात, ह्यात फार मोठं कारस्थान नाही. आठवड्याला सहा-सात भाग, रोज बावीस-तेवीस मिनिटं भरायची. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. आकडा घसरला की पुढच्या आठवड्यातली गोष्ट बदलते. इतक्या घाईत लेखक काय करणार? जे आधी चाललंय तेच परत वापरणार. कागद, पेन, सही, पाऊस. आणि मधल्या जाहिराती बघा. पावडर, तेल, मसाला आणि सोनं. मालिकेतल्या बाईला सोनं चालतं, भरपूर चालतं, झोपताना पण अंगावर चालतं. जमिनीची जाहिरात कोण देणार? बापाकडून येणाऱ्या हिश्श्याला दुकान नाही, त्यामुळं त्याला प्रायोजक नाही.

आता तुम्ही काय म्हणणार ते मला माहितीय. कारण ते सगळं मीच आजवर म्हणत आलोय.

पहिलं, "लग्नात खर्च केला की." केला. लग्नात माझ्याही केला. माझ्या वाट्यातून तो कुणी वजा केला नाही.

दुसरं, "आई-बापाला कोण सांभाळतं?" हा खरा बिनतोड सवाल आहे असं मला वाटायचं. आईला मीच सांभाळतो, असं मी अभिमानानं सांगायचो. त्या रात्री जेवणं आवरल्यावर बायकोला हे म्हणालो. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "आईंच्या गोळ्यांच्या वेळा सांगा बरं." मला दोनच सांगता आल्या, त्यातली एक चुकीची. मग म्हणाली, "आणि माझी पण सही झालीये. आपल्या लग्नानंतर दोन वर्षांनी. तुम्हीच सोडायला आला होतात गाडीवरनं."

खरंच की. मी बाहेर चहा पीत थांबलो होतो. सासुरवाडीचं काम आपल्यामुळं बिनबोभाट झालं म्हणून मेव्हण्यानं माझे आभारही मानले होते. म्हणजे आईला सांभाळणारी एक बाई, जिच्या नावावर माहेरचं काही नाही. ती सांभाळते त्या बळावर मी दुसऱ्या बाईचा हिस्सा ठेवून घेतला. हे गणित कुणी मालिकेत घातलं तर प्रेक्षक म्हणतील, फारच ताणलंय.

तिसरं, "रानाचे तुकडे होतात." हे मात्र खरं आहे. दोन-तीन एकरांचे किती भाग करणार? पण हे आपल्याला फक्त बहिणीच्या वेळी आठवतं. चार भावांत वाटताना बांधावर बांध घातले तेव्हा तुकडे नव्हते झाले? नाव सातबाऱ्यावर लागलं म्हणजे तिनं नांगर घेऊन यायलाच पाहिजे असं नाही. सामायिकात नाव राहू शकतं, खंड देता येतो, पैशात हिशेब करता येतो. मार्ग आहेत. पण मार्ग त्यालाच दिसतात, ज्याला जायचं असतं.

चौथं, आणि खरं, "मागितला तर माहेर तुटतं." होय. तुटतं. कारण आपण तोडतो. बहीण वाटा मागते म्हणून भाऊबीज बंद करणारा भाऊ असतो, आणि दोष बहिणीला लागतो. आपल्यात म्हणतातच, लेक म्हणजे परक्याचं धन. आता धनाच्या नावावर कुठं धन लागतं का?

आणि एक गोष्ट आपल्याच इतिहासातली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मी मुक्ती' म्हणून मोहीम काढली होती. शेतकऱ्यानं आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. मागायची वाट बघायची नाही. अनेक गावांत पुरुषांनी ते केलं. पुढं सरकारनंही सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची योजना त्याच नावानं आणली. म्हणजे हे आपल्या मातीत होऊ शकत नाही असं काही नाही. झालेलं आहे. त्यावर मालिका झाली नाही, एवढंच.

तर, त्या पावडरीच्या जाहिरातीनंतर मला दोन आठवडे नीट जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण पंधरा मिनिटांत उरकू लागलं. माझी पोरगी कॉलेजात आहे. तिनं एकदा सरळ विचारलं, "बाबा, आत्यानं वाचलं नव्हतं, मग तुम्ही वाचलं होतं का?" मी म्हटलं हो. ती "बरं" म्हणाली आणि मोबाईलकडं वळली. त्या 'बरं' वर मला काही बोलता आलं नाही.

ओळखीच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, नोंदणी झालेली हक्कसोड आता अशी मोडता येत नाही. पण तुझ्या नावावर जे आहे त्यातलं तू बहिणीला बक्षीसपत्रानं देऊ शकतोस. तुला कुणी अडवलंय? मी म्हटलं, कुणीच नाही. तो म्हणाला, मग इतकी वर्षं काय करत होतास? वकील मित्र असला की असं होतं.

शेवटी परवा अक्काला फोन लावला. आधी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. म्हटलं, "अक्का, तुझ्याशी बोलायचंय. त्या दिवशी ऑफिसात साहेबांनी तुला विचारलं आणि उत्तर मी दिलं. ते चुकलं माझं. दादांनी कष्टानं घेतलेलं रान, त्यात तुझा घास होता, तो मी..." माझा आवाज पण जरा भरून आला. कुठंतरी बासरी वाजेल असं वाटत होतं. ती रडेल, म्हणेल, मला काही नको रे, तू विचारलंस त्यात सगळं आलं. खरं सांगू? मनाच्या एका कोपऱ्यात मी त्याच वाक्याची वाट बघत होतो. म्हणजे विचारल्याचं पुण्य पदरात आणि रान पण पदरात.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती गुंठं?"

मी गडबडलो. म्हटलं, "चाळीस."

"विहिरीकडची का वरली?"

मित्रांनो, माझी बहीण मालिका बघत असली तरी मालिकेतली नाही, हे मला त्या दिवशी कळलं. चोपन्न... नाही, सत्तावन्न वर्षांची बाई. बरोबर वय पण मला बोटं मोजून आठवावं लागलं. पण तिला मात्र पाणी कुठल्या बाजूला आहे हे नेमकं माहीत होतं. ती कधी विसरलीच नव्हती. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

पुढच्या महिन्यात मोजणी आहे. विहिरीकडची का वरली, ते अजून ठरलेलं नाही. त्यावरून आमचं फोनवर दोनदा वाजलंय. तिच्या भुवया दिसत नाहीत, पण वर असणार. भाऊबीजेला येणार आहे. दस्त आधी तिच्या घरी पाठव, जावई वाचेल आणि मी पण वाचीन, असं बजावून सांगितलंय.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." मग थोडं थांबून म्हणाली, "माझ्या माहेरच्यांना आता कुठं शोधायचं रे." ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. तेवढ्यात साडेआठ वाजले.

मालिकेतल्या त्या बाईनं अजून सही केलेली नाही. तीन आठवडे झाले, पेन हातातच आहे. आई रोज सांगते, वाच म्हणून. ती ऐकत नाही. तुमच्या घरातली ऐकेल. भाऊबीज यायच्या आत एकदा विचारून बघा. आणि तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिलाच देऊ द्या.